मागं बघायचा मान

सुरुवातीलाच माफी मागतो. पुरवणीत लिहिणाऱ्यांना लिहिण्याची सवय असते, आणि ज्यांच्यावर लिहिलं जातं ती माणसंही बहुतेक नावाजलेली असतात. मी धाराशिवला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला आलेला पहिलाच. घरात मेंढरं आहेत, पुस्तकं कधी नव्हती. आणि ज्यांच्याविषयी लिहायला बसलोय ते शिवाप्पा आमच्या नात्यातलेही नव्हते. गावात त्यांचं किराणा दुकान, आमचा मेंढरांचा वाडगा गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी. खरं तर त्यांच्या घरातल्या कुणीतरी हे लिहायला हवं होतं. मी आक्कांना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, ''तुला लिहाया येतंय न्हवं? मग तूच लिही.'' येतं की नाही, ते हा लेख संपल्यावर कळेल...

माघातली दुपार होती. वडिलांचा फोन आला तेव्हाच काहीतरी झालंय हे मी ओळखलं, कारण दिवसा ते फोन करत नाहीत. दिवसा ते मेंढरांमागे असतात आणि फोन घोंगडीच्या घडीत असतो. ''अप्पा गेले,'' एवढंच ते बोलले. नंतर बराच वेळ नुसत्या मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत राहिल्या. मी ''हॅलो, हॅलो'' करत होतो. शेवटी म्हणाले, ''मातीला ये. पोचशील तू.'' मी तेरवरून जाणारी एसटी पकडली. वाटेत खिडकीतून बाहेर बघताना माझ्या मनात अप्पांचा चेहरा येत नव्हता, त्यांची पाठ येत होती. कारण त्यांना मी सर्वांत नीट पाहिलं ते पाठमोरं. का ते पुढे सांगतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात, त्यांना घरी नेण्यापूर्वी, मी त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. श्वासाचा त्रास वाढला म्हणून त्यांना धाराशिवला आणलं होतं, आणि वसतिगृह जवळच असल्यामुळे मी कॉलेज सुटलं की तिथे जायचो. आक्का खाली चटई टाकून बसलेल्या असायच्या. त्या माहेरच्या उमरग्याकडच्या, मला बघितलं की अजूनही ''बा, बा'' म्हणायच्या. त्यांच्या कानडीतलं एवढं 'ये' मला लहानपणापासून कळतं, कारण त्यानंतर हातावर गुळाचा खडा पडायचा. अप्पा उशीला टेकून बसले होते. बोलताना मध्येच थांबत होते. माझी चौकशी करून झाली, मेंढरांची झाली, मग म्हणाले, ''शिमगा किती लांब हाय?'' मी म्हणालो, अजून अवकाश आहे, तोवर तुम्ही घरी जाल. ते हसले. ''घरी जाईन की. कसा जाईन ते न्हाय सांगत.'' आक्कांनी त्यांना कानडीतून दटावलं. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ''महेश यील का रं?'' महेश त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात कंपनीत असतो. अप्पांचा प्रश्न मुलगा भेटायला येईल का, असा नव्हता. ते खापराविषयी विचारत होते, हे मला माहीत होतं.

बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून हे नीट सांगायला हवं. आमच्या गावामागे बालाघाटाची एक सोंड उतरली आहे. वर महादेव आहे. गावात होळी पेटते, आणि धुळवडीला त्या होळीचा विस्तव खापरात घेऊन डोंगरावर महादेवाला न्यायचा, त्यावर तिथला दिवा लावायचा, अशी आमची रीत. खापर उचलायचा मान शिवाप्पांच्या घराचा. त्यांच्या वडिलांकडे होता, आजोबांकडे होता. नेम दोन. विस्तव झाकायचा नाही, आणि खापर उचलल्यापासून महादेवाच्या पायरीला पोचेपर्यंत नेणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. बाकीचं गाव हलगी वाजवत बरंच मागून, सावकाश यायचं. म्हणजे डोंगराच्या वाटेवर एक माणूस एकटा पुढे, हातात उघडा विस्तव, दोन्ही बाजूंना कमरेइतकं कुसळी गवत, पावसाळ्यात वाढलेलं आणि फाल्गुनात पार वाळून गेलेलं... पण पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं होतं आणि कधी काही झालं नव्हतं. पूर्वी डोंगरावर गुरं खूप चरायची, गवत एवढं राहतच नव्हतं. पुढे गावातली गुरं कमी झाली, गवत वाढत गेलं, आणि रीत मात्र होती तशीच राहिली. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी आठवीत असताना तो वणवा लागला. त्या वर्षी लोक उशिरा जमले, खापर निघायला ऊन चढलं, आणि वारा सुटला. अप्पा वर पोचले, दिवा लागला, आणि मागून येणाऱ्या लोकांना हिवराच्या झाडाच्या वळणापाशी धूर दिसला. बघता बघता जाळ उताराने वर पळाला. जाळ वर चढताना किती वेगाने जातो ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, माणूस त्याच्यापुढे पळूच शकत नाही. लोकांनी कडुलिंबाचे डहाळे तोडून, गोणपाटं भिजवून झोडपायला सुरुवात केली. फवारणीचे पंप आणले. शहरातून अग्निशमनची गाडी आली, ती सडकेवरच उभी राहिली, वर रस्ता नव्हता. वनखात्याचे गार्ड त्यांच्या माणसांना घेऊन आले आणि नाल्यापाशी गवत सोलून काढू लागले, पण वाऱ्याने ठिणग्या नाल्यापलीकडे नेल्या. गावाच्या पोरांबरोबर अप्पाही वरून झोडपत खाली येत होते. धोतर जळालं होतं, भुवया जळाल्या होत्या.

त्या दिवसांत आमचा वाडगा नाल्यापलीकडच्या उतारावर बसलेला होता. मेंढ्या चरायला गेल्या की नुकती जन्मलेली कोकरं मागे डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकून ठेवतात, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्याची भीती नसते. वडील चाऱ्याच्या शोधात लांब गेले होते, आई पाणी आणायला उतरली होती. ती धावत वर आली तोवर डालगी पेटली होती... आई याविषयी बोलत नाही. अजूनही घरात कुणी कोकरावर डालगं ठेवलं की ती उठून बाहेर जाते.

जाळ विझायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. लोकांच्या कडब्याच्या गंज्या गेल्या, वनखात्याने लावलेली रोपं गेली, ससे-तितरं गेली. डोंगराची सीताफळं विकून कितीतरी बायकांचा दिवाळीचा सण व्हायचा, ती झाडं पुन्हा फुटली पण वर्षानुवर्षं धरली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात धरायला गवत नाही म्हणून डोंगराची माती वाहून तळ्यात आली आणि विहिरींचं पाणी गढूळ झालं. म्हणजे वणवा होळीला लागला, पण आषाढापर्यंत आम्ही तो पीत होतो.

आणि दोषी कोण, तर माझे वडील, धोंडिबा. मेंढरंवाले कोवळं गवत फुटावं म्हणून डोंगर पेटवतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि काही जण पेटवतातही, ते मी नाकारत नाही. त्यामुळे धोंडिबानेच पेटवला, हे ठरायला वेळ लागला नाही. वडील म्हणत होते, माझीच कोकरं जळालीत, मी कसा पेटवीन? त्यावर उत्तर तयार होतं, पेटवला आणि हाताबाहेर गेला. गार्डांना नाव द्यायचं, डोंगर आम्हाला कायमचा बंद करायचा आणि वाडगा गावच्या शिवेतून हलवायचा, इथपर्यंत बोलणं गेलं होतं. चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी तिथे नव्हतो. हे सगळं मला वडिलांनी सांगितलेलं आहे, आणि ते दरवेळी एका शब्दालाही न चुकता तसंच सांगतात.

अप्पा बैठकीत कडेला बसले होते. हाताला पट्ट्या होत्या. लोकांचं बोलून झाल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, ''धोंडिबाचं नाव घिऊ नगा. माझ्या खापरातनं पडला.''

मग एक जण म्हणाला, ''अप्पा, देवाच्या विस्तवानं डोंगर जळतो व्हय? उन्हानं डोकं फिरलं का तुमचं?''

''विस्तव देवाचा असंल. हात माझा व्हता,'' अप्पा म्हणाले. ''हिवराच्या वळणावर मला वास आला. करपल्याचा. म्या मागं बघितलं न्हाय.''

''नेमच हाय तसा. तुमी काय करणार?''

''नेम हाय म्हणूनच सांगाय लागलोय.''

वडील सांगतात, लोकांना राग आला तो वणव्याचा नव्हे, या बोलण्याचा. मेंढक्याचा दोष असता तर प्रकरण मिटलं असतं. आता ते मानापर्यंत आलं, नेमापर्यंत आलं, देवापर्यंत आलं. अप्पांनी गार्डांनाही तेच सांगितलं. केस झाली, तालुक्याच्या चकरा झाल्या. काही लोक दुकानात यायचे बंद झाले. महेश तेव्हा अकरावीत होता. पोरांनी त्याचं नाव वणवा पाडलं. 'आला बघा वणवा, गंज्या झाका,' असं म्हणत. तो वडिलांना एकदाच म्हणाला म्हणे, की तुम्हाला गप बसता आलं नसतं का? त्यानंतर बारावी झाली आणि तो पुण्याला गेला. सणाला यायचा, पण शिमग्याला कधीच आला नाही.

दुसऱ्या वर्षी खापर न्यायचंच नाही, असं बरेच जण म्हणू लागले. कुणी म्हणालं, कंदिलात घालून नेऊ. अप्पा म्हणाले, विस्तव जाईल, उघडाच जाईल, पण पहाटेचं दव असताना, वारा सुटायच्या आत. आधी गाव मिळून वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापेल, ज्याने कापलं त्याने चाऱ्याला न्यावं. आणि नेणाऱ्याच्या मागे, पाच पावलांवर, खाली बघत माणसं चालतील. भिजलेली गोणपाटं घेऊन. त्यांनी फक्त जमीन बघायची. त्यात पहिला धोंडिबा.

''मेंढक्याला मान?'' कुणीतरी म्हणालंच.

''जळालंय त्याचं,'' अप्पा म्हणाले. ''तो जितकं बारीक बघंल, तितकं आपल्यातलं कोण बघणार न्हाय.''

तेव्हापासून गावात दोन मान झाले. पुढे चालायचा एक, मागं बघायचा एक. आणि महादेवाचा दिवा लागल्यावर त्याच खापरातल्या विस्तवाने, गार्डांना बोलावून, त्यांच्या देखत, डोंगराच्या कमरेला गवताचा पट्टा जाळायचा. वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी राहतात, एक हात जाळला की तेवढा विझवायचा, मग पुढचा हात. म्हणजे पुढे उन्हात कुठून जाळ आला तरी पट्ट्याशी त्याला खायला काही राहत नाही. खाली शेतकरी बांध पेटवतात, उसाचं पाचट पेटवतात, तेही त्यांनी सकाळी पेटवावं आणि आधी देवळाच्या भोंग्यावरून सांगावं, म्हणून अप्पा घरोघर हिंडले. दुकान बंद ठेवून हिंडले. एकदा सडकेकडच्या फडातून पाचटाचा जाळ डोंगराला लागला तो पट्ट्यापाशी येऊन बसला, तेव्हा कुठे लोकांचं बोलणं थांबलं. अप्पांनी त्याचा गवगवा केला नाही. दुकानात मीठ मोजत होते. कुणी विषय काढला तर म्हणाले, ''वारा पडला व्हता तवा. लई फुगू नगा.''

मी मोठा झाल्यावर वडिलांबरोबर मागच्या माणसांत चालू लागलो. पुढे अप्पांची पाठ असायची, धुतलेला सदरा, डोक्याला टापर, आणि दोन्ही हातांत धरलेल्या खापराचा धूर खांद्यावरून मागे येत असायचा. वळणावरच्या हिवरापाशी ते जरा हळू व्हायचे. मागे मात्र कधी वळले नाहीत. मला हे विचित्र वाटायचं. ज्या नेमाने एवढं नुकसान केलं तो हा माणूस अजून पाळतोच कसा? एका वर्षी खाली उतरताना मी धीर करून विचारलं, ''अप्पा, तुम्हीच एकदा वळून बघितलं तर काय होईल?''

ते चालत राहिले. मला वाटलं राग आला. मग म्हणाले, ''म्या बघितलं, तर तुझ्या बापाचं काय काम राहिलं रं?''

मी पुष्कळ दिवस या उत्तराचा विचार करत होतो. त्यांच्या मनात देवाची भीती किती होती ते मला सांगता येणार नाही. पण ज्या माणसाला गाव शिवेबाहेर काढायला निघालं होतं, त्याच्या हवाली आपली पाठ करून ते दरवर्षी डोंगर चढत होते, एवढं मला समजलं.

कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प असतो. मी वणवा हा विषय घेतला. कारणे, परिणाम, उपाययोजना, असे तीन मथळे पाडले आणि सुट्टीत दुकानात बसून अप्पांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच गिऱ्हाईक आलं की हात वर करून मला थांबवायचे, साखर बांधून द्यायचे आणि परत डोळे मिटायचे. डोंगराखाली वनखात्याची पाटी आहे, वणवा लावणे गुन्हा आहे अशी. त्यावर ते म्हणाले, ''लावायला कोण निघतंय? न लावता लागतो, त्याची पाटी कुठाय?'' कारणांमध्ये मी 'मानवी निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. तिथे त्यांनी डोळे उघडले.

''मानवी म्हंजी कोण?''

मी म्हणालो, माणसं... सगळीच.

''सगळी न्हाय. माझं नाव लिही की.''

आक्का आतून म्हणाल्या, कशाला पोराला त्यात घालता. पण ते ऐकेनात. ''सगळी म्हनलं की कुणीच न्हाय. लिही.'' मी लिहिलं. इथेही लिहितो आहे, ते त्यांनी सांगितलं होतं म्हणून.

मातीच्या दिवशी महेश आला होता. त्यांच्यात बसवून समाधी देतात. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची जागा आहे, तिथून डोंगर समोर दिसतो. सगळं आटोपल्यावर महेश दुकानात येऊन बसला. दुकानाच्या आढ्याला शिंक्यात ते खापर टांगलेलं असतं, आतून काजळीने काळंभोर. त्याच्या बरोबर खाली बसूनही त्याने वर बघितलं नाही. आक्कांनी विचारलं, ''शिमग्याला येतोस?'' त्यांच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे यंदा मान चालवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की खापर उचलणार कोण. महेश म्हणाला, बघतो. गावातल्या काहींनी तोवर सुचवून ठेवलं होतं की घरात उचलणारं कुणी नसेल तर मान आमच्याकडे द्या, आम्ही मोटरसायकलवर मशाल लावून एका झटक्यात वर नेतो, मागं माणसं कशाला नि गवत कापायचं कशाला. महेश गेल्यावर आक्कांनी खापर खाली काढलं, राखेने घासलं आणि परत टांगलं.

वडील त्या दिवसांत फार अस्वस्थ होते. फोनवर मला विचारायचे, महेशचा काही फोन? जणू तो मला करणार होता. एकदा म्हणाले, ''म्या मागं चालायला तयार हाय. पण पुढं कुणीतरी पायजे ना रं.''

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी गावी जाऊ शकलो नाही. पहाटे जाग आली, तेव्हा आत्ता होळीतून विस्तव काढत असतील असं वाटलं, पण कोण काढत असेल ते डोळ्यांपुढे येईना. दिवसभर वडिलांचा फोन लागला नाही. मी पुस्तक उघडून बसलो होतो, एक अक्षर आत जात नव्हतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे घंट्या वाजत होत्या.

ते आधी पट्ट्याचं बोलले. पट्टा नीट जळाला, वारा नव्हता, गार्ड वेळेवर आले होते. मी मध्येच विचारलं, खापर कुणी नेलं?

''महेशनं.''

तो आदल्या संध्याकाळी मोटरसायकलवर पुण्याहून आला होता. कुणाला काही न सांगता पहाटे आंघोळ करून दुकानात गेला आणि शिंक्यातून खापर काढलं. वडील त्याच्या मागे पाच पावलांवर होते. हिवराच्या वळणावर आला तसा तो थांबला. मागची सगळी माणसंही थांबली. ''आणि त्यानं मागं बघितलं,'' वडील म्हणाले. ''गावादेखत.''

मी विचारलं, मग लोक काय म्हणाले?

''कोण काय म्हनतंय? कुणी न्हाय बोललं. त्यानं आधी भुईकडं बघितलं, सगळी वाट बघितली. मग माझ्याकडं. त्याचं डोळं भरलं व्हतं.'' वडिलांच्या आवाजावरून मला कळत होतं की ते उभे आहेत, बसलेले नाहीत. ''म्या म्हनलं, चल बाबा महेश. म्या हाय मागं.''